लॅपटॉपवर सिंथ शिकायचाय? आधी पेटीचा सूर बनवून बघा

मी अंबाजोगाईकडचा, दिवसभर खत-बियाण्याच्या दुकानात असतो, एकादशीला भजनात पेटी वाजवतो आणि रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून सिंथवर, म्हणजे शून्यापासून आवाज बनवायच्या सॉफ्टवेअरवर बसतो. पाच वर्षं झाली आता. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना हे शिकायचं असतं, पण सिंथ उघडला की समोर शे-दीडशे नॉब दिसतात आणि माणूस तिथंच बंद करून टाकतो, नाहीतर मग प्रिसेट, म्हणजे आधीच बनवून ठेवलेले आवाज, बदलत बसतो. मी स्वतः पहिले आठ महिने फक्त प्रिसेटच बदलले, हा आवाज भारी, तो आवाज भारी, असं करत करत हजारभर आवाज ऐकले असतील पण त्यातला एकही कसा बनला ते सांगता येत नव्हतं. मग एके दिवशी ठरवलं की प्रिसेटला हातच लावायचा नाही, आपल्या कानाला लहानपणापासून पाठ असलेला आवाज घ्यायचा आणि तो शून्यापासून बनवायचा. पेटी घेतली. दोन आठवड्यात जे कळलं ते त्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं, म्हणून इथं त्याच रस्त्यानं सांगतो.

सामान फार लागत नाही. लॅपटॉप पाहिजे, वायरचा हेडफोन पाहिजे आणि एक फुकटचा सिंथ. मी व्हायटल वापरतो, २०२० साली आला, त्याची फुकट आवृत्ती शिकायला पुरून उरते आणि त्यात आवाजाची लाट डोळ्यासमोर हलताना दिसते, नवीन माणसाला त्याचा लई फायदा होतो. लॅपटॉप जुना असंल आणि व्हायटल अडकायला लागलं तर सर्ज एक्सटी घ्या, तो पण फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि हलका चालतो. दोन्ही सिंथ एकटे पण उघडतात, म्हणजे पहिल्या दिवशी रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकायची पण गरज नाही. नंतर रेकॉर्ड करायचं झालं की एलएमएमएस फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मॅक असंल तर गॅरेजबँड त्यातच असतं.

की-बोर्ड विकत घ्यायची घाई करू नका. लॅपटॉपच्या बटणांवर वाजतं. ए म्हणजे पांढरी एक, डब्ल्यू काळी एक, एस पांढरी दोन, असं पुढं जात जात वाय वर काळी चार येते, आमचं भजन त्याच पट्टीत असतं. झेड आणि एक्सनं सप्तक खालीवर होतं. तीन-चार बटणं एकदम दाबली तर काही लॅपटॉप एखादा सूर गिळतात आणि जोरात-हळू दाबल्याचा फरक कळत नाही, तेवढं सोडलं तर शिकायला काही अडत नाही. दोन-तीन महिने टिकलात की मग लॅपटॉपला जोडायचा पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी की-बोर्ड घ्या, पण घेताना त्याला मॉड व्हील, म्हणजे डाव्या हातानं फिरवायचं चाक, आहे का ते बघून घ्या, का ते खाली सांगतो.

एक अडचण पहिल्याच दिवशी येईल, बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो. विंडोजवाल्यांनी एएसआयओ४ऑल नावाचं आवाजाचं ड्रायव्हर टाकायचं आणि सेटिंगमधी बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडायच्या आधी साठवायचे तुकडे, २५६ ठेवायचा. ४४१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ४४१०० तुकडे असताना, २५६ म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, आवाज तेवढ्या वेळात दोन मीटर जातो, म्हणजे पखवाजवाला तुमच्यापासून दोन मीटरवर बसलाय असं समजा, काही वाटत नाही. बफर १०२४ केला की २३ मिलिसेकंद, म्हणजे पखवाजवाला आठ मीटरवर, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, आता ठेका ओढल्यासारखा वाटायला लागतो. आणि ब्लूटूथच्या हेडफोनला तर शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात, पखवाज थेट शेजारच्या गल्लीत गेला. म्हणून म्हणलं वायरचाच हेडफोन घ्या. आवाज तुटत असंल तर मात्र बफर वाढवा, उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की माझा पण तुटतो, मग ५१२ वर नेतो.

आता कामाला लागू. मेनूत जाऊन इनिशियलाइझ प्रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून एक साधा सूर राहतो. हाच आपला कोरा कागद.

पेटीत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. आत पितळेचे सूर असतात, ते थरथरले की आवाज होतो, हा झाला ऑसिलेटर. तो आवाज लाकडी पेटीतून बाहेर येताना त्याचा कर्कशपणा कमी होतो, हा झाला फिल्टर. पट्टी दाबली की सूर चालू, सोडली की बंद, हा एन्व्हलप. आणि भाता, तो सगळ्यात शेवटी बघू कारण माझं तिथंच चुकलं होतं. ऑसिलेटर, मग फिल्टर, मग एन्व्हलप ही रांग १९७० च्या मिनीमूग नावाच्या सिंथमधी अशीच होती, त्यात पण तीन ऑसिलेटर होते, आजच्या बहुतेक सिंथची मांडणी तिथूनच आलीय. एकदा ही रांग डोक्यात बसली की कुठलाही सिंथ उघडा, तुम्हाला घर ओळखीचं वाटतं.

ऑसिलेटरपासून सुरू करा. व्हायटलमधी बेसिक शेप्स निवडलं की साइन, ट्रँगल, स्क्वेअर, सॉ असे आकार मिळतात. एकच सूर धरून हे चारही ऐका, घाई न करता, प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. साइन म्हणजे नुसता मूळ सूर, बासरी लांबून ऐकल्यासारखा गुळगुळीत. सॉ मधी मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे सूर असतात म्हणून तो करकरीत लागतो. स्क्वेअरमधी फक्त तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम येतात, म्हणून तो पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. ट्रँगलमधी पण विषमच पण वरचे फार लवकर बारीक होत जातात, म्हणून साइनच्या जवळ. पेटीच्या सुरात वरचे सूर भरपूर असतात, त्यामुळं साइन, ट्रँगल इथं कामाचे नाहीत. मी सॉ घेतला, आणि दुसऱ्या ऑसिलेटरवर अरुंद केलेला स्क्वेअर ज्याला पल्स म्हणतात, तो नाकातला आवाज देतो.

आता मजा बघा. दोन्ही ऑसिलेटर एकाच सप्तकात ठेवा आणि पांढरी सहा दाबा, ४४० हर्ट्झ. एकदम सपाट आवाज येतो. मग दुसऱ्या ऑसिलेटरचं ट्यूनिंग फक्त ४ सेंट वर न्या, सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. लगेच आवाज हेलकावे घ्यायला लागतो, सेकंदाला साधारण एक, कारण एक ४४० वर थरथरतोय आणि दुसरा ४४१ वर. डबल सुराची पेटी वाजवलेल्या माणसाला हा हेलकावा बरोबर ओळखू येतो, दोन्ही सूर अगदी एकसारखे लागलेले नसतात तेव्हा पेटी अशीच भरलेली वाजते. सिंथवाले याला डीट्यून म्हणतात. १५-२० सेंट केलं तर पेटी बिघडल्यासारखी वाटंल, पण तेच लग्नाच्या बँडमधल्या की-बोर्डला छान वाटतं, म्हणजे आकडा चांगला-वाईट नसतो, काय बनवायचंय त्यावर आहे. तिसरा ऑसिलेटर सॉ वरच ठेवून एक सप्तक खाली टाका, आवाज निम्मा ठेवा, हा आपला खर्जाचा सूर.

एवढं झालं की आवाज जाड होतो पण कानाला टोचतो. आता फिल्टर लावा, लो-पास, १२ डीबीवाला, म्हणजे एकदम न कापता हळूहळू अडवणारा. लो-पास म्हणजे खालचं जाऊ देतो, वरचं अडवतो, आणि कुठून अडवायचं तो कटऑफ. कटऑफ पूर्ण बंद करून सावकाश उघडत जा, आधी गोधडीखालून आल्यासारखा आवाज, मग दाराआडून, मग समोर. माझ्या कानाला पेटी ३००० हर्ट्झच्या आसपास सापडली, तुमच्या हेडफोनवर थोडं इकडंतिकडं होईल. रेझोनन्सचा नॉब कटऑफपाशीचे सूर फुगवतो, तो वाढवला की शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. नवीन पोरं सगळी रेझोनन्सच्या प्रेमात पडतात. पेटीला तो जवळजवळ शून्य पाहिजे.

एन्व्हलपमधी चार गोष्टी आहेत, अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. लोक एका जागी गोंधळतात ते सांगतो: अटॅक, डिके, रिलीज ह्या तीन वेळा आहेत आणि सस्टेन ही वेळ नाही, ती पातळी आहे. पट्टी धरून ठेवली तर आवाज कितीवर टिकंल ते सस्टेन सांगतं. पेटीचा सूर धरला तर धरलेलाच राहतो म्हणून सस्टेन पूर्ण. सस्टेन पूर्ण असला की डिकेला काही काम उरत नाही, तो कितीही फिरवा फरक ऐकू येत नाही, मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. अटॅक ४० मिलिसेकंद ठेवा कारण पितळेच्या सुराला थरथर पकडायला जरा वेळ लागतो, आणि रिलीज ८०.

इथवर आल्यावर मला वाटलं झाली पेटी. एकादशीला लॅपटॉप घेऊन गेलो, भजन संपल्यावर चहा व्हायच्या आत आमच्या मंडळातल्या अण्णांना ऐकवलं. अण्णा चाळीस वर्षं पेटी वाजवायलेत. त्यांनी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या, मग डावा हात पुढं करून हवेतच भाता हलवला आणि म्हणले, "सूर बराबर हाय रे, पण ह्याचा भाता कुठाय? ह्याला दमच लागंना."

मी म्हणलं, अण्णा, ह्यात भाता नसतो, कॉम्प्युटर आहे. तर म्हणले, "मग तू डाव्या हातानं काय करायलास?"

खरंच डावा हात रिकामा होता. त्या एका वाक्यात मला मॉड्युलेशन कळलं. पेटीवाला उजव्या हातानं सूर काढतो आणि डाव्या हातानं त्याला जीव देतो, भाता दाबला की आवाज मोठा होतोच पण त्याबरोबर वरचे सूर पण चमकतात, सोडला की मऊ होतो. सिंथमधी हे काम मॉड व्हील करतं. व्हायटलमधी मॉड व्हीलची खूण धरून कटऑफच्या नॉबवर नेऊन सोडायची, मग पुन्हा धरून आवाजाच्या नॉबवर सोडायची. आता कटऑफ १२०० वर आणा आणि चाक पूर्ण वर गेल्यावर ४००० पर्यंत जाईल एवढं ठेवा, आवाज साधारण निम्म्यापासून पूर्णपर्यंत. मग उजव्या हातानं एक सूर धरा आणि डाव्या हातानं चाक भात्यासारखं सावकाश वरखाली करा. एका सुरात किती काय आहे ते तेव्हा ऐकू येतं. मॉड व्हील नसंल तर माऊसनं स्क्रीनवरचं चाक फिरवा, तेवढ्यानं पण कळतं. पुढच्या एकादशीला अण्णांनी ऐकलं आणि स्वतःच चाक धरून बसले, मला सूर दाबायला लावले.

पेटी झाली की तुणतुणं घ्या, त्यात दुसरा मोठा धडा आहे. तुणतुण्याची तार छेडली की पहिल्या क्षणी आवाज खणखणीत असतो आणि लगेच बसत जातो, म्हणजे आवाज लहान होतो एवढंच नाही, त्यातले वरचे सूर आधी मरतात आणि खालचा मागं राहतो. छेडलेली कुठलीही तार अशीच विझते. म्हणून इथं दोन एन्व्हलप लागतात. पुन्हा इनिशियलाइझ करा, एकच सॉ ठेवा. पहिला एन्व्हलप आवाजाचा, अटॅक शून्य, डिके ४००, सस्टेन शून्य. दुसरा एन्व्हलप धरून कटऑफवर टाका, त्याचा डिके कमी, १५० च्या आसपास, सस्टेन शून्य. कटऑफ ३०० ला ठेवा आणि एन्व्हलपनं तो ३५०० पर्यंत उचलला पाहिजे. वाजवा, तुण्ण होतं का बघा. मग फक्त दुसऱ्या एन्व्हलपचा डिके ५० करून बघा, ५०० करून बघा. हा एक नॉब फिरवत बसलात तरी अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास वाया जात नाही कारण बाजारातले निम्मे बेस आणि प्लकचे आवाज याच एका युक्तीवर उभे आहेत.

तिसरा आवाज संबळ. नवरात्रात तुळजापूरला गेलेल्या माणसाला संबळाच्या मोठ्या तोंडाची घुम सांगायची गरज नाही, पोटात बसते ती. चामड्यावर काठी पडली की पहिल्या क्षणी सूर वर असतो आणि झपकन खाली येऊन घुमतो. म्हणून साइन घ्या, दुसरा एन्व्हलप या वेळी कटऑफवर टाकायचा नाही, ट्रान्सपोझवर, म्हणजे सूर खालीवर करायच्या आकड्यावर टाकायचा, २४ सेमीटोन म्हणजे २४ पट्ट्या, दोन सप्तकं, डिके ६० मिलिसेकंद. सूर असा निवडा की शेवटी ७० हर्ट्झच्या जवळ थांबेल, म्हणजे सुरुवात २८० ला होते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ७० ला येते. आवाजाचा डिके ३५०, सस्टेन शून्य. काठीचा फटका पाहिजे असंल तर थोडा नॉइज, म्हणजे सूर नसलेला खरखरीत आवाज, मिसळा, त्याचा एन्व्हलप १५ मिलिसेकंदाचा, बस. खरं संबळ यापेक्षा फार मोठं आहे, ते वाजवणाऱ्या गोंधळ्याच्या हातात आहे आणि ते सिंथला जमत नाही, पण ढोलाचा कुठलाही आवाज कसा बनतो ते यातून पक्कं कळतं.

आता पेटीला जे जमत नाही ते. मींड. पेटीच्या पट्ट्या तुटक, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. सिंथमधी व्हॉइस एकच ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, लेगाटो चालू करा आणि ग्लाइड, म्हणजे सूर सरकायचा वेळ, १०० मिलिसेकंद, मग पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर सरकत जातो, सोडून दाबली तर नुसता तुटक वाजतो, म्हणजे मींड घ्यायची की नाही ते तुमच्या बोटात राहतं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच रोलंड कंपनीच्या तीन मशीन घेऊन दहा राग वाजवले होते, त्यातल्या टीबी-३०३ मधी अशीच सूर सरकवायची सोय आहे, आज जगभरचे लोक ते रेकॉर्डिंग शोधून ऐकतात. एलएफओ, म्हणजे नॉब सावकाश हलवत राहणारा ऑसिलेटर, लावून सूर आपोआप हलवता पण येतो, सेकंदाला ५-६ वेळा हलवला की गळ्यातली थरथर वाटते. पण दरबारीतल्या गंधाराचं आंदोलन एलएफओवर टाकू नका, ते एका मापात हलत नाही, तिथं पिच बेंडचं, म्हणजे सूर चढवायचं-उतरवायचं चाक हातानंच हलवायचं.

अजून एक प्रयोग, हा मला सगळ्यात आवडतो. एक सॉ खालच्या सप्तकातल्या काळी चारवर, साधारण २०८ हर्ट्झवर धरा, दुसरा ऑसिलेटर ट्रान्सपोझमधी ४ सेमीटोन वर न्या, म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. दोन्हीवर लक्ष देऊन ऐका, वरच्या बाजूला एक जलद थरथर ऐकू येईल, सेकंदाला आठेक. आता दुसऱ्या ऑसिलेटरचं ट्यूनिंग हळूहळू खाली आणा, १४ सेंट खाली गेलं की थरथर थांबते आणि दोन सूर एकमेकात विरघळतात. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार हा आहे. पेटीत तो नसतो, पेटीचा गंधार १४ सेंट चढाच असतो, आणि आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं पेटी बंद ठेवली होती त्यामागच्या तक्रारींत पेटीच्या या बांधलेल्या सुरांची तक्रार पण होती. व्हायटल आणि सर्ज दोन्हीत स्काला फाईल, म्हणजे सुरांची अंतरं लिहिलेली फाईल, टाकून सगळं सप्तक असं लावता येतं, फक्त तुमचा सा कुठल्या पट्टीवर आहे ते केबीएम नावाच्या दुसऱ्या फाईलमधी सांगावं लागतं. हा गंधार अण्णांना ऐकवला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणले, अजून एकदा लाव.

आवाज जमला की लगेच नाव देऊन सेव्ह करा, लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं पण धरत नाही, एक चांगला लागलेला खर्ज मी असाच घालवलाय. रेकॉर्ड करताना स्क्रीनवरची आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल होऊ देऊ नका, सगळ्यात मोठा सूर उणे ६ डीबीच्या खाली ठेवा. आणि फाईल बाहेर काढल्यावर ती मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण लोक तिथंच ऐकणार आहेत. संबळाची घुम तिथं गायब झालेली असेल, एवढासा स्पीकर ७० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. मग सिंथमधल्या इफेक्टमधी जाऊन थोडं डिस्टॉर्शन द्या, त्यानं ७० च्या पटीतले वरचे सूर तयार होतात, मोबाईल त्यातले वरचे वाजवतो आणि खालचा ७० आपला कान स्वतःच भरून घेतो. किती द्यायचं ते मोबाईल आणि हेडफोन आलटून पालटून ऐकत ठरवा, हेडफोनवर फाटलेलं वाटायला लागलं की एक पाऊल मागं या.